सिंधूच्या घरी शेवटचा भाग

अक्का,

उद्या सिंधूकडे बिबड्या आहेत, वर्षाचे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवून, वाळवून, भरडून झाली. तीळ, जिरं, लसूण मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले. लाकडं आहेत, पातेलं कांताबाईंकडून आलं, अंथरायला धोतरं आणि जुनी लुगडी गोळा झाली. गच्चीही कांताबाईंचीच, कारण सिंधूच्या घरावर पत्रे आहेत. यादीत सगळ्यापुढे खूण करून झाली. एकाच गोष्टीपुढे करता येईना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. शेवटचा भाग कोण सांगणार?

तुम्हाला जाऊन दोन महिनेही झाले नाहीत. गल्लीतल्या मंडळाच्या बायकांनी मला तुमच्याविषयी चार शब्द लिहायला सांगितलं होतं. मी ते लगेच लिहून दिलं. असोद्याचा जन्म, नर्सिंगचं शिक्षण, विलायतेतली नोकरी, आईच्या आजारपणासाठी परत येणं, इथल्या दवाखान्यातली सेवा, स्वभाव मनमिळाऊ. एका पानात बसलं. वाचून दाखवलं तेव्हा गोदूमावशी म्हणाल्या, "हाई कोन शे? आपली अक्का तं नही." त्यांचं खरं होतं. तुमचा स्वभाव मनमिळाऊ अजिबात नव्हता. इंजेक्शन देताना रडणाऱ्या मोठ्या माणसाला तुम्ही "लाज नाही वाटत?" असं विचारायचात.

म्हणून हे दुसरं पान.

बिबड्यांचं काम एकटीचं नसतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण तुम्ही आमच्यात येऊन मिसळायच्या आधी आमची काय अडचण होती, ते मी तुमच्याशी कधी नीट बोलले नाही. चुलीवर शिजवून उतरवलेला भरडीचा घाटा गरम असेतोवरच थापला जातो. गार झाला की त्याला चिरा पडतात. घरची बाई चुलीपाशी ढवळत बसते आणि थापायला निदान सात-आठ जणी लागतात, त्याही बोटं पोळवून घ्यायची तयारी असलेल्या. पहाटे सुरुवात करून ऊन चढायच्या आत सगळं गच्चीवर गेलं पाहिजे. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे, अशा पाळ्या. त्या लावायचं काम माझ्याकडे, कारण शाळेच्या ऑफिसात वेळापत्रकं करून माझा हात बसलेला.

पाळ्या लावणाऱ्या बाईला जे दिसतं ते इतरांना दिसत नाही. पहिल्या घरी सगळ्या येतात. मधल्या घरी बहुतेक येतात. शेवटच्या घरी कुणाचं डोकं दुखतं, कुणाकडे पाहुणे येतात, कुणाला नेमकं त्याच दिवशी भुसावळला जायचं असतं. वाईट कोणी नसतं. स्वतःच्या बिबड्या डब्यात पडल्या की पाय जड होतात, एवढंच.

आणि शेवटचं घर सिंधूचं. ती गल्लीत सगळ्यांच्या मागून राहायला आली म्हणून तिची पाळी शेवटी. तिचा नवरा रावेरहून केळीचा ट्रक घेऊन जायचा. घाटात ट्रक उलटला आणि तो गेला. पदरात मुलगी. आपल्या घरी बिबड्या म्हणजे तोंडी लावणं. तिच्या घरी त्या विकायला असतात. कांताबाई आपल्या मारवाडी नात्यागोत्यात आणि बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या घरी त्या पोहोचवतात, आणि त्यावर सिंधूचं निम्मं वर्ष निघतं. म्हणजे थापणाऱ्या सगळ्यात कमी जिथे येणार, तिथेच घाटा सगळ्यात जास्त. मी कागदावर कितीही उलटसुलट केलं तरी हे गणित सुटत नव्हतं.

ते तुम्ही सोडवलंत, आणि तेही तुम्हाला काम जमत नव्हतं म्हणून.

विलायतेहून आल्यावरचा तो तुमचा पहिला उन्हाळा. तुम्ही माझ्या घरी थापायला बसलात आणि तुमच्या हातून जे काही निघालं त्याकडे गोदूमावशी बराच वेळ बघत राहिल्या. त्या धुळ्याकडच्या. इतकी वर्षं जळगावात राहूनही त्यांनी आपली बोली सोडली नाही आणि समोरच्याची भीड ठेवली नाही.

"हाई बिबडी शे का जखमनी पट्टी?"

सगळ्या हसल्या. तुम्हीही हसलात, पण लाल झालात.

"मावशी, तिकडे आठ वर्षं पट्ट्याच बांधल्या."

"मंग हात ठेव बाजूले. तोंड चालाव. सांग काय काय दखं तठे."

तुम्ही आम्हाला राणीचा वाडा सांगाल, बर्फ सांगाल, असं मला वाटलं होतं. तुम्ही सांगितलात टेलिव्हिजन. नर्सांच्या होस्टेलात खाली एक खोली होती, तिथे तो ठेवलेला. दर शनिवारी संध्याकाळी त्यावर आकाशातल्या जहाजाची एक मालिका लागायची आणि ती चुकू नये म्हणून तुम्ही मैत्रिणींशी ड्युट्या बदलायचात. हे सगळं सांगण्याआधी टेलिव्हिजन म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली.

"रेडिओत माणूस बोलतो ना मावशी, तसाच. पण बोलणारा दिसतो."

"मंग त्याले आपन दिसतस का?"

"नाही."

"मंग काय उपेग?"

पण ऐकत होत्या. माझ्याकडे पहिला भाग झाला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी दुसरा. पृथ्वीवरून निघालेलं एक यान. त्यात सहा माणसं, बियाण्यांची कोठारं, आणि जिथे जायचं तो तारा इतका लांब की घरी पाठवलेल्या निरोपाचं उत्तर यायच्या आत इथली माणसं म्हातारी व्हावीत. नावं आम्हाला पेलेनात, म्हणून त्यांच्या कामावरून नावं पडली. कप्तान, डॉक्टरीण, आणि यानाची दुरुस्ती करणारा तो फिटर. फिटर सगळ्यांना एकदम पटला. वरणगावच्या कारखान्यात नाहीतर भुसावळच्या रेल्वेत कोणाचा ना कोणाचा भाऊ, दीर फिटर होताच.

तुमची सांगायची पद्धत मला आवडली होती. तुम्ही आवाज काढले नाहीत, हातवारे केले नाहीत. पेशंटची हकीकत सांगावी तसं सांगायचात: काय दिसलं, मग काय झालं. ज्या दिवशी तुम्ही ड्युटीवर होतात आणि भाग पाहिला नव्हता, त्या दिवसाचा भाग सरळ गाळायचात. "हा मी पाहिला नाही. पुढे." त्यामुळे बाकीचं सगळं खरं वाटायचं.

मी लगेच फायदा घेतला. पाळ्यांच्या कागदावर प्रत्येक घरापुढे एकेक भाग लिहिला आणि शेवटच्या घरापुढे शेवटचा. गल्लीत सांगून टाकलं की शेवट सिंधूकडे होणार. तुम्हाला विचारलंही नाही.

सिंधूकडे त्या दिवशी झाडून सगळ्या आल्या. ज्यांना भुसावळला जायचं होतं त्यासुद्धा. सिंधू बाहेर अंगणात चुलीशी, आम्ही आतल्या खोलीत पाण्याच्या वाट्या आणि ओली फडकी घेऊन. तुम्ही सांगत होतात. यानाचा पत्रा फाटला, फिटर जाड कपडे घालून दुरुस्तीला बाहेर गेला. तो बाहेर असताना समोरून दगडांचं वादळ येताना दिसलं. दार उघडं राहिलं तर आतले पाचही जाणार. दार लावलं तर फिटर बाहेर राहणार. फिटरचा आवाज यंत्रातून येत होता, तो तुटला. कप्तानाने दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"मग?"

"मग पडदा काळा झाला. अक्षरं आली, पुढची गोष्ट पुढच्या वर्षी."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी मी इथे. तुमच्यासमोर."

आधी कोणाला खरंच वाटलं नाही. मग जो गलका उठला तो आठवतोय ना?

"आसं कसं वं? तो बाहेर शे ना अजून! बठ्ठा आत अन् तो एकला बाहेर?"

"अक्काबाई, आम्ही बिछायत घालून बसलो आणि तुम्ही अर्ध्यात उठवता?" कांताबाई म्हणाल्या. "असा माल आमच्या दुकानात विकला तर गिऱ्हाईक ठाण उचलून डोक्यात घालेल."

"जो माल मिळाला तोच दिला," तुम्ही म्हणालात. "त्यांनी शेवटचा भागच असा केला. मी तरी काय करू? आम्ही बारा नर्सा त्या खोलीत बसून टेलिव्हिजनवर ओरडत होतो."

सिंधूचा निम्मा घाटा अजून पातेल्यात होता आणि मला वाटलं, गोष्ट फसली, आता एकेक उठणार. कोणी उठली नाही. दार लावायचं की नाही, यावर भांडण लागलं, आणि भांडताना हात चालत राहिले. थापायच्या, फडकं धोतरावर पालथं घालायच्या, ते पुन्हा ओलं करायच्या, आणि मान वर न करता एकमेकींना उत्तरं द्यायच्या. कांताबाईंचं म्हणणं, जाणूनबुजून जीव घेणं हे पाप, दार लावायचंच नाही, दोर टाकायचा. गोदूमावशींचं म्हणणं, फिटरला बाहेर पाठवलाच कसा, आधी कप्तानाला बाहेर काढा. घाटा संपला तेव्हा भांडण अर्ध्यावर होतं, आणि त्यासाठी सगळ्या दुसऱ्या दिवशी बिबड्या उलटायला पुन्हा गच्चीवर हजर. सिंधूच्या बिबड्या इतक्या नीट कधी वाळल्या नव्हत्या.

त्याच वर्षी पावसाळ्यात माणूस चंद्रावर उतरला. रेडिओवर ऐकून गोदूमावशी तुमच्या दारात आल्या. "आपली गोष्ट चोरी लिधी त्यासनी!" पुढे दर उन्हाळ्यात तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून, आणि सिंधूकडे तेच भांडण.

आता आपल्या दोघींच्या वादाचं. तो राहिलाच.

मी पहिल्या दिवसापासून म्हणत आले की कप्तानाने दार लावायला हवं होतं. पाच माणसं आहेत, बियाणं आहे, मागे कोणीतरी त्यांच्या भरवशावर आहे. एकासाठी सगळं घालवणं हा कुठला शहाणपणा? मी हे म्हटलं की गोदूमावशी ओरडायच्या, "निर्मलाले कप्तान करू नका वं माय, बठ्ठासले बाहेर ठेई दी!" तुम्ही ओरडायच्या नाहीत. एवढंच म्हणायचात, "दार लावायला एक क्षण लागतो. तो क्षण शेवटचा असला पाहिजे. तू तो पहिला धरतेस."

मी म्हणायचे, हे बोलायला सोपं आहे. तुम्ही म्हणायचात, वॉर्डात रात्र काढ म्हणजे सोपं की अवघड ते कळेल.

एकदा मी तुम्हाला सरळ म्हटलं होतं, शेवट तुम्हीच करून टाका. कोणाला कळणार आहे?

"ताप न मोजता तक्त्यावर आकडा लिहू?"

"ही गोष्ट आहे, अक्का. पेशंट नाही."

"ज्या बायका ऐकतात त्या मला विचारतात, 'तुम्ही पाहिलं?' मी हो म्हणते. ते हो मला खरं ठेवायचंय."

तो राग मी धरला होता थोडे दिवस. मला संपलेली कामं आवडतात.

दुष्काळाच्या वर्षी हा वाद गोष्टीतून बाहेर आला. असोद्याहून ज्वारी येणं बंद झालेलं, रेशनच्या दुकानात तांबडी परदेशी मिलो ज्वारी मिळत होती, तीही रांगेत उभं राहून. मी पाळ्या आखल्या आणि लिहिलं की यंदा ज्याने त्याने घरच्यापुरतंच करायचं, विक्रीसाठी नाही. धान्य जपायचं तर हेच बरोबर होतं, असं माझं आजही मत आहे. पण त्या एका ओळीने सिंधूची पाळी कागदावरून पुसली जात होती. तुम्ही कागद वाचलात, मला परत दिलात.

"हिचं काय?"

"यंदा कोणाचंच काय नाही, अक्का. पुढच्या वर्षी बघू."

"कप्तान," तुम्ही म्हणालात, आणि गेलात.

दुसऱ्या दिवशी गल्लीभर तुम्हीच निरोप फिरवलात. यंदा उलटं करायचं. शेवटचं घर पहिलं. शेवटचा भाग आधी सांगणार, सिंधूकडे, मिलोच्या बिबड्यांवर. नंतर ज्याच्या घरी धान्य असेल त्याने बोलवावं, नसेल त्याने बोलवू नये. इतक्या वर्षांत पाळ्या उलट्या लावता येतात हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मिलोच्या बिबड्या तांबूस, खडबडीत झाल्या. कांताबाईंनी त्या हातात घेऊन उन्हात धरल्या, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाल्या, "या मी 'विलायती' म्हणून विकते." विकल्या. सगळ्या नाही, पण सिंधूच्या मुलीची शाळा सुटली नाही.

मी तुम्हाला तेव्हा म्हणाले नाही की तुमची बाजू वरचढ ठरली. आजही म्हणत नाही. धान्य पुरलं कारण नंतर बऱ्याच घरांनी आपणहून पाळी सोडली, माझीही त्यात. उलट्या क्रमाने ते झालं हे खरं. तर तुम्ही थोड्या बरोबर, मी थोडी बरोबर. हे असं अर्धं-अर्धं वाटायला मला तुमच्यासमोर बसून आवडलं असतं. तुम्ही चहा बिनसाखरेचा प्यायचात आणि मी हरत चालले की कप खाली ठेवायचात.

कृतज्ञता वगैरे शब्द मला लिहिता येत नाहीत, म्हणून एकच लिहिते. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही रजा काढून माझ्या खाटेशी बसलात. मी सारखी घरच्या कामांची यादी लिहीत होते: दूधवाला, गिरणी, धाकट्याची फी. तुम्ही माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतलीत आणि यानाचा एक भाग सांगितलात, जो गल्लीत कधी सांगितला नव्हता. त्यात काहीच होत नाही. यानातले दिवे जातात, आणि उजाडेपर्यंत (त्यांचं उजाडणं म्हणजे काय कोण जाणे) सहाही जण अंधारात एकमेकांशी बोलत बसतात. "एवढंच?" मी विचारलं. "एवढंच. त्या दिवशी मालिका काढणाऱ्यांकडे पैसे कमी असतील, सेट एकच होता," तुम्ही म्हणालात. मला झोप लागली. त्यानंतर कितीतरी वेळा कठीण दिवशी मला कप्तान आठवला नाही, तो अंधारातला भाग आठवला.

तुम्ही परत गेला नाहीत याचं मला वाईट वाटायचं. आई गेल्यावर तुम्हाला तिकडून बोलावणं होतं. मी एकदा म्हटलंसुद्धा, तिथे राहिला असतात तर शेवट तरी पाहायला मिळाला असता.

"पाहिला असता. सांगितला कुणाला असता?"

आम्हाला, असं म्हणायला हवं होतं का? आम्ही इथे होतोच ना, थापत.

आणि तो दवाखाना. आयुष्यभर तुम्ही ज्या वॉर्डात उभ्या होतात तिथेच आडव्या. छातीत दुखतंय हे तुम्ही गल्लीत कोणाला कळू दिलं नव्हतं, नर्स ना. मी टॉवेल, साबण, तांब्या, मोसंबी असं सगळं आठवून घेऊन आले. तुम्ही पिशवीकडे पाहिलंत.

"सगळं आणलंस. आता जागा कुठेय मला झोपायला?"

मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "सिंधूची पाळी शेवटचीच ठेव. त्या दिवशी शेवटचा भाग तू सांग."

"मी सांगितला तर मी दार लावीन, अक्का. आधीच सांगून ठेवते."

तुम्ही हसलात. हसताना दुखलं, हात छातीवर गेला. "लाव. बाया लावू देणार नाहीत."

हे तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

म्हणून आता भीती वाटते आहे. यंदा कांताबाईंनी सिंधूच्या नावावर एका लग्नघराची मोठी मागणी घेऊन ठेवली आहे. घाटा नेहमीपेक्षा जास्त. आणि या वर्षी एकेक घरी थापणाऱ्या कमी कमी होत चालल्या आहेत. भाग सांगायला तुम्ही नाहीत, तर कामही मुकाट्याने होतं. परवा मधल्याच घरी दोघी आल्या नाहीत. उद्या निम्म्याच आल्या तर घाटा पातेल्यात गार होईल, मागणी बुडेल आणि पुढच्या वर्षी ते लग्नघर कांताबाईंकडे विचारायलाही येणार नाही. मला गोष्ट सांगता येत नाही. मला सूचना वाचता येतात.

झोपते. पहाटे उठायचंय.

*

अक्का, झालं. आत्ताच घरी आले, हाताची बोटं पोळलीत, तरी लिहिते.

पहाटे पाच जणी होत्या. उजाडताना सात झाल्या. ज्या दोघी परवा आल्या नव्हत्या त्यांच्यापैकी एक आली, दारात उभी राहून म्हणाली, "शेवटचा भाग आहे ना? का नाही?" मी म्हटलं आहे. ती गेली आणि दुसरीला घेऊन आली. पहिला घाटा उतरला. सिंधू बाहेर चुलीशी, तिची मुलगी परातीत घाटा आणून द्यायला. मी फडकं ओलं केलं आणि सुरुवात केली.

फार वाईट सांगितलं. यानात कोण कोण, कोणाकडे कोणतं काम, यान कुठून निघालं, सध्या कुठे. चार-पाच बिबड्यांत मी वादळापर्यंत पोहोचले.

गोदूमावशींनी हातातली बिबडी थापायची थांबवली नाही, पण मान वर केली. "हाई गोष्ट शे का किराणानी यादी?"

"मला असंच येतं, मावशी."

"अक्का आठे ऱ्हाती तं तुले चापट देती."

त्यावर कोणीच हसलं नाही. फक्त ओल्या फडक्यावर हात पडल्याचे आवाज येत राहिले. तेव्हा मला कळलं की आता बोललं नाही तर रडू येईल, सगळ्यांनाच, आणि घाटा गार होतोय. म्हणून मी म्हटलं, "कप्तानाने मुठीवर हात ठेवला. आणि कप्तानाने दार लावलं."

अक्का, तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. आधी कांताबाई. "लावलं? कोणी सांगितलं लावलं? अक्काबाईंनी कधी सांगितलं नाही ते तुम्ही सांगता?" मग त्यांची जाऊ. मग परवा न आलेल्या त्या दोघी एकदम. गोदूमावशी तर गुडघ्यावर उठून बसल्या. "इतला वरीस बठ्ठ्या मिळी तो दरवाजा आम्हीन उघडा ठेवा, अन् आज तू लावी दिधा?" मी माझी बाजू सांगितली, पाच माणसं, बियाणं. कोणी ऐकलं नाही. परात रिकामी झाली की "आण गं घाटा" अशी हाक, आणि पुन्हा माझ्यावर तोंड. मी आयुष्यात इतकी बोलणी खाल्ली नव्हती, आणि इतकं बरंही मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. सिंधूचा. इतक्या वर्षांत ती या भांडणात कधी बोलली नव्हती. तिच्या घरचं काम, तिला ढवळण्यातून मान वर काढायला फुरसत कुठली.

"निर्मलाताई, त्या दाराला बाहेरून कडी नसते का?"

आत सगळ्यांचे हात थांबले. पहिल्यांदाच थांबले.

"म्हणजे?"

"तो फिटर आहे ना? दार त्यानंच बसवलं असेल. असा कसा एकाच बाजूनं कडी लावेल? मला वाटायचं, अक्कांना माहीत असेल, त्या सांगतील कधीतरी."

मग गोदूमावशी म्हणाल्या, "अवं माय. व्हई ना!" आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. असेलच. भुसावळला मालडब्यांना असते. दगड थांबेपर्यंत तो यानाच्या पोटाखाली चिकटून बसेल. दार लावलेलंच बरं मग, आतले वाचतील आणि तोही येईल. मला कोणी म्हणालं नाही की निर्मला बरोबर होती. तुम्ही बरोबर होतात असंही नाही. आपण दोघी इतकी वर्षं दाराच्या एकाच बाजूला उभ्या राहून भांडलो, अक्का.

"सिंधू, तू मजार ये," गोदूमावशींनी तिला आत यायचा हुकूम सोडला. "कशी कडी उघडस तो, तू सांग."

"घाटा कोण बघेल, मावशी?"

मी उठले. फडकं तिच्या हातात दिलं आणि चुलीपाशी जाऊन बसले. पातेल्यात अजून अर्ध्याहून जास्त होतं. लग्नघराचं सगळं बाकी. धूर, वर चढत आलेलं ऊन, लाकडी दांडा दोन्ही हातांनी फिरवावा लागतो. मी कधी सिंधूच्या घरी चुलीशी बसले नव्हते. तिने आधी अडखळत, मग हळूहळू धीर येऊन सांगायला सुरुवात केली. फिटरला आतलं काही ऐकू येत नाही, यंत्र बंद पडलंय. तो पत्र्याला धरून दारापर्यंत येतो. मध्येच कांताबाईंनी काही विचारलं, मुलगी हसली, गोदूमावशींनी कोणालातरी दटावलं. एकही जण उठली नाही. पातेलं तळाला लागेपर्यंत मी घाटा आत देत राहिले, आणि कांताबाईंची गच्ची या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली.

सिंधू कडीपाशी पोहोचली तेव्हा पातेलं संपायचं होतं आणि आत अगदी शांत झालं होतं. मी ढवळायचं थांबवून ऐकत होते. बाहेर बसलं तरी आतलं सगळं स्पष्ट ऐकू येतं, अक्का.